मामांसोबत लोणार: टाकळी, मेहकर आणि दैत्यसूदनाचं देऊळ

दिवस पहिला : अकोला, बार्शीटाकळी, मेहकर

अकोल्याच्या बसस्थानकावर मामा माझ्याआधी येऊन बसले होते. मी दिसताच उठले, पिशवी बाकावर ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडले. आमच्या विदर्भात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची चाळिशीची असो की चार वर्षांची, फरक पडत नाही. दरवेळी मला अवघडल्यासारखं होतं आणि दरवेळी मामा म्हणतात, "राहू दे वं माय, माह्यं पुन्य कमी नोको करू."

मामा गवंडी. आयुष्यभर त्यांनी विहिरी बांधल्या. त्याही सिमेंटच्या कड्यांच्या नाहीत, घडीव दगडाच्या. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, गुडघे बोलतात, काम बंद आहे. दिवाळीत घरी आले तेव्हा माझ्या मोबाईलवर लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा फोटो बघत किती तरी वेळ बसले. फोटो बोटांनी मोठा करायला मी शिकवलं, तर मूर्ती सोडून दगडांचे सांधेच मोठे करून बघायला लागले. तेव्हाच ठरवलं, यांना घेऊन जायचं. डिसेंबरात शाळेला चार दिवसांची सुट्टी जुळून आली.

त्यांना ज्येष्ठ नागरिकांची सवलत, मला महिलांची. दोघांचं मिळून एसटीचं एक पूर्ण तिकीट.

आधी बार्शीटाकळी. अकोल्याहून वीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची शेवटची वेचणी सुरू होती, तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. गावात कालिका मातेचं जुनं दगडी देऊळ आहे. आम्हाला लोणारलाच जायचं होतं, पण वाट वाकडी करण्यामागे माझा एक हेतू होता. आपल्याकडे जुनं काळं दगडी देऊळ दिसलं की मोकळेपणी म्हणतात, "हेमाडपंती आहे." शाळेत मीही तेच शिकवत आले. हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख मंत्री. महादेवाची कारकीर्द १२६१ साली सुरू होते. आणि टाकळीच्या शिलालेखावर साल आहे शक १०९८, म्हणजे इसवी सन ११७६. हेमाडपंत कारभारावर येण्याच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधीचं! गंमत म्हणजे त्या लेखात हेमाद्रिदेव नावाचा राजा आहे, पण तो इथला स्थानिक राजा, देवगिरीचा मंत्री नव्हे. म्हणजे बिनचुन्याचं हे बांधकाम वऱ्हाडातले पाथरवट हेमाडपंताच्या आधीपासून करत होते. नाव मात्र मंत्र्याचं लागलं.

हे सगळं मी मामांना देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "नाव त ज्यानं पैसा देल्ला त्याचंच लागते माय. म्या बांधलेल्या हिरी बी पाटलाच्याच नावानं हायेत." त्यात तक्रार नव्हती. उठले आणि भिंतीकडे गेले.

टाकळीच्या देवळाचा गाभारा बाहेरून ताऱ्यासारखा आहे. भिंत सरळ जातच नाही. कोपरा पुढे येतो, मागे जातो, परत पुढे येतो. मी दोन-तीन वेळा बघितलेलं हे देऊळ, पण हा आकार आखला कसा असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मामांना पहिल्या पाच मिनिटांत पडला, आणि दहाव्या मिनिटाला उत्तरही सापडलं. बाहेर कुणाच्या तरी घराच्या कामातला फरशीचा चौकोनी तुकडा पडलेला होता. मामांनी तो मातीवर ठेवला, काडीने भोवती रेघ मारली. मग मधोमध बोट दाबून तोच तुकडा जरासा फिरवला, पुन्हा रेघ. आणखी जरासा, पुन्हा रेघ. तुकडा उचलला तर मातीत बारा टोकांचा तारा.

"एक खुट्टी, एक दोरी अन् एक चौकोन. दुसरं काही लागत नाही," ते म्हणाले. "दोन डाव ठेवला त आठ टोकं, तीन डाव ठेवला त बारा. मधातली खुट्टी हलली नाही पायजे, येवढंच."

आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी याच मातीत कुणी तरी अशीच खुंटी ठोकली असणार. मी मोबाईल काढून त्या ताऱ्याचा फोटो घेतला. देवळाचे फोटो नंतर घेतले.

आत अंधार होता, आरती नुकतीच आटोपलेली. मामींनी दिलेली ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि जवसाची चटणी ओट्यावर बसून खाल्ली. मग अकोल्याला परत आणि पातूर, मेडशी, मालेगावमार्गे मेहकर. पातूरच्या घाटात मामा झोपले. मेहकरात उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि थंडी चांगलीच पडली होती.

दिवस दुसरा : मेहकर, लोणार

सकाळी शारंगधर बालाजीचं दर्शन. पैनगंगेकाठच्या या गावात १८८८ साली जमिनीखाली ही मूर्ती सापडली. काळ्या पाषाणाची, उंची अकरा फुटांच्या घरात. समोर उभं राहिलं की आपली मान आपोआप वर जाते. गावात सांगतात, की मूर्ती साहेब लोक घेऊन जातील या भीतीने लोकांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली. एकदा पूजा लागली की देवाला हलवता येत नाही ना! ही गोष्ट ऐकून मामांनी परत एकदा हात जोडले, मला वाटतं त्या लोकांना.

मूर्तीचे दागिने बघा. कमरेच्या साखळीची एकेक कडी, बोटांतल्या अंगठ्या, प्रभावळीवरचे दशावतार. काळ्या दगडाला अशी झिलई आणायची म्हणजे महिनोन् महिने घासायचं. मामा म्हणाले, "हा कारागीर आमच्यातला नाही. हा सोनार व्हता, दगडाचा."

मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणार, पंचवीसेक किलोमीटर. बसस्थानकाजवळ गरम आलुबोंडे खाल्ले, वरून सांबार आणि तर्री. अकरा वाजता दैत्यसूदनाच्या दारात.

खरं सांगते, पहिल्या नजरेला हे देऊळ उंच वाटत नाही. शिखर नाही. गावाच्या मधोमध, घरांच्या गर्दीत, उंच जोत्यावर बसलेलं, आडवं पसरलेलं. लोणारला येणारे बहुतेक जण सरोवराकडे धावतात आणि इथे पंधरा मिनिटं देतात. आम्ही अकरा ते साडेपाच इथेच होतो, मध्ये जेवायला तासभर सोडून.

आधी बाहेरून. मामांचा नियम आहे, कोणतंही बांधकाम आधी तीनदा बाहेरून फिरायचं. इथेही तोच फिरवलेला चौकोन, पण टाकळीपेक्षा मोठा आणि ऐटदार. मी या वेळी कोपऱ्यांकडे लक्ष ठेवून चालले आणि एक गोष्ट कळली. डिसेंबरचं ऊन तिरपं होतं. प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत. सपाट भिंत असती तर सगळं एकाच रंगाचं दिसलं असतं. इथे दर दोन पावलांना उजेड-सावली बदलते आणि त्या बदलात मूर्ती जिवंत होतात. कुठे सुरसुंदरी वळून बघतेय, कुठे देव, कुठे युगुलं. तासाभराने त्याच जागी आलं तर सावलीत असलेली मूर्ती उन्हात आलेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू आता दिसतंय. दगड तोच. म्हणून म्हणते, या देवळाला पंधरा मिनिटं देऊ नका. याला पूर्ण दिवस द्या.

मामांचं लक्ष खालच्या थरांवर होतं. जोत्याचे दगड एकावर एक थर करून रचलेत. कुठे गोलाई, कुठे धार, कुठे खाच. "पाय, नख जाते का," असं म्हणत त्यांनी सांध्याशी बोट नेलं. नख जात नव्हतं. चुना नाही, काही नाही. वरच्या दगडाचं वजन हेच खालच्याला धरून ठेवणारं. मग त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी. मला माहीतच नव्हतं की तो त्यांनी सोबत आणलाय. तिथल्या रखवालदाराला विचारलं, भिंतीला लावून बघू का? तो भला माणूस, पण नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. मामा चार पावलं मागे आले, हात वर करून ओळंबा हवेत धरला, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले, एक डोळा मिटला. दोरी आणि देवळाच्या कोपऱ्याची कड एका रेषेत येईपर्यंत हळूहळू सरकले.

"हाय," एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

जेवणानंतर आत गेलो. गाभाऱ्यात दैत्यसूदन विष्णू, पायाखाली आडवा पडलेला लवणासुर. मूळ मूर्ती कधीची गेली. आत्ताची नंतरची, नागपूरकर भोसल्यांच्या काळातली असं सांगतात. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याचे किरण थेट या मूर्तीवर येतात, तेव्हा इथे गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा आत पुजारी आणि आम्ही दोघं, बाकी कुणी नाही.

कथा लोणारच्या पोराटोरांनाही पाठ आहे. लवणासुर जमिनीखालच्या विवरात लपून राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून जागा काढून घेतली. पायाच्या अंगठ्याने विवरावरचं झाकण उडवलं, ते दूर एका टेकडीवर जाऊन पडलं, आणि दैत्य मारला. खड्डा राहिला तेच सरोवर. पाणी खारट, कारण ते लवणासुराचं रक्त. जमिनीवरचं झाकण उडालं, खारट पाण्याचा खड्डा उरला, एवढं या कथेत स्पष्ट आहे. ती ज्यांनी रचली त्यांनी हा खड्डा नीट निरखला होता.

पण आतली खरी दौलत डोक्यावर आहे. पुजाऱ्यांनी उजेडाची बॅटरी वर धरली आणि छत उजळलं. नरसिंह हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन फाडतोय. कृष्ण कंसाला मारतोय. लवणासुराचा वध. प्रसंगामागून प्रसंग, सगळे आपल्या माथ्यावर, उलटे लटकलेले. मान दुखली म्हणून मी शेवटी जमिनीवरच बसले. कोरणाऱ्याने ते आधी खाली कोरून मग वर चढवलं, की वर बसवून पाठीवर झोपून कोरलं? मामा म्हणाले, मोठी घडाई खाली, शेवटचा हात वर. विहिरीतही ते तसंच करायचे.

त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "हिरीत गोटा पडत नाही, कारन बाहीरची माती दाबते, गोल कडं आयतं घट्ट व्हते. अठी त दाबाले काहीच नाही. मंग हे छत पडत काहून नाही?"

बाहेर चहाच्या टपरीवर त्याचं उत्तर त्यांनीच शोधलं. पारलेचा पुडा फोडला, बिस्किटं टेबलाच्या कडेला एकावर एक रचली, प्रत्येक वरचं खालच्यापेक्षा जरासं पुढे. चौथ्याला ढीग कलायला लागला तसं त्यांनी मागच्या टोकांवर चहाचा ग्लास ठेवला. ढीग थांबला. अजून एक बिस्किट पुढे सरकवलं, तरी थांबला. "मागच्या शेपटावर वजन पायजे. देवळाच्या छतावर जो येवढा गोट्याचा भार हाय ना, तो उगा नाही ठेवेल. त्यानंच आतला गोटा धरून ठेवला." आणि चारही बाजूंनी असे दगड पुढे आणत, कोपऱ्यांवर तिरपे टाकत टाकत मधली फट लहान करायची. शेवटी एका शिळेएवढी उरली की तिथे शेवटचा, सगळ्यात सुंदर कोरलेला दगड. टपरीवाल्या काकांनीही काम थांबवून हे सगळं बघितलं. बिस्किटांचे पैसे घेईनात.

संध्याकाळी लिंबी बारव बघितली. मुक्कामाला वांग्याची भाजी, भाकरी आणि हरभऱ्याचे ओले सोले. मामा आठ वाजता झोपले.

दिवस तिसरा : सरोवर

पहाटेच धारेवर गेलो. गोमुखातून पडणारं पाणी बारमाही आहे आणि गोड आहे, खाली खारट सरोवर असताना. बाया-माणसं आंघोळीला येऊन राहिलेली. पाणी अंगावर घेतलं तर थंडी पळाली.

सरोवराचं वर्णन पुष्कळांनी केलंय, म्हणून थोडक्यात सांगते. काळ्या दगडात उल्का आदळून झालेला हा खड्डा, काठापासून काठापर्यंत जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण त्याआधी ऐन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे. आणि देवळं तर सांगतातच, की इथले लोक हजारेक वर्षं या काठावर राबता ठेवून आहेत. २०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचं नाव लागलं.

उतरताना मामांनी कड्यावरचे दगडाचे थर दाखवले. आडवे असायला हवेत, ते बाहेरच्या बाजूला कललेले. आघाताने काठ उचलला गेला त्याची ही खूण, हे मी वाचलेलं होतं. पण मामांनी न वाचता ओळखलं, की "हे खालून कोनं तरी उचललं."

खाली दाट झाडी. मोर ओरडत होते, वानरं आमच्या पिशवीवर डोळा ठेवून होती. झाडीत एकेक देऊळ उगवतं. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, आणखी किती तरी. काही उभी, काही अर्धी, काहींचे नुसते खांब. पाण्याच्या बाजूला कमळजा देवी, नवरात्रात जिची जत्रा भरते. तिच्याजवळच्या विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात, एका अंगाला पाणी गोड, दुसऱ्या अंगाला खारट. मी देवीची ओटी भरली.

एका पडक्या देवळाशी मामा थबकले. नाव विचारायला जवळ कुणी नव्हतं. भिंतीचा एक भाग ढासळलेला होता आणि उघड्या भिंतीतून आतलं दिसत होतं. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मध्ये ओबडधोबड गोट्यांचा भराव. खाली पडलेल्या एका शिळेला खुंटी होती, दुसरीला तेवढ्याच मापाची खोबण. आठ शतकांपूर्वी त्या एकमेकींत बसलेल्या, आता चार हातांवर. मामा दोन्हींच्या मध्ये बसले. एक हात खुंटीवर, एक हात खोबणीत. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला इथे फार वाईट वाटलं. उभ्या देवळात हार-फुलं असतात, लोक असतात. इथे वडाची मुळं शिळा वेगळ्या करत होती आणि कुणाला घाई नव्हती. एका दगडावर कुणी तरी खडूने आपलं आणि मैत्रिणीचं नाव लिहिलं होतं. मी बाटलीतल्या पाण्याने आणि ओढणीच्या टोकाने ते पुसलं. काही अक्षरं गेली, काही राहिली. पोरांनो, हात जोडून सांगते, नाव लिहू नका. ज्याने ही शिळा घडवली त्याने स्वतःचं लिहिलं नाही.

चढताना मामांचे गुडघे फार दुखले. चार ठिकाणी बसलो. पन्नाशी ओलांडलेल्या कुणी जायचं असेल तर पहाटे उतरा, ऊन चढायच्या आत वर या, पाणी सोबत असू द्या.

संध्याकाळी परत दैत्यसूदनाकडे. ठरलेलं नव्हतं, पाय वळले. मावळतीच्या उजेडात पश्चिमेची बाजू तांबूस झाली होती. आदल्या दिवशी ज्या मूर्तींपाशी मी उभी होते त्यांतल्या दोन मला पहिल्यांदाच दिसल्या.

दिवस चौथा : सिंदखेडराजा आणि परत

बिबी, दुसरबीडमार्गे सिंदखेडराजा. जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकला. १२ जानेवारीच्या जन्मोत्सवाची तयारी आत्तापासून दिसत होती. नीलकंठेश्वराचं जुनं देऊळ बघितलं आणि लखुजीराजांची समाधीही. समाधीच्या घुमटाखाली मामा वर बघत म्हणाले, "हा चुन्याचा. याची रीत निराई." खरंच, इथे कमान आली, चुना आला, हात बदलला. चारशे वर्षांत वऱ्हाडचा गवंडी काय काय शिकला ते या चार दिवसांत क्रमाने बघायला मिळालं. पण मामांचं मन मागेच होतं.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, अशी अजून कुठं कुठं हायेत? मी सांगितलं, बुलडाण्यात सातगाव, कोथळी. आणि अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे लासूर, तिथलं आनंदेश्वराचं देऊळ. त्याच्या सभामंडपाला वर छत नाही, खांबांच्या गोलातून सरळ आभाळ दिसतं.

मामा सावरून बसले. "छतच नाही? मंग त्या खांबाच्या माथ्यावर गोटा कसा बसवला ते वरून उजेडात दिसत असंन. ब्याटरी लागाची नाही."

"दिसेल ना, मामा."

त्यांनी खिशातून तिकीट काढलं, माझ्याकडून पेन घेतला आणि तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर, गाडीच्या धक्क्यांत, एक गोल काढला. त्याभोवती खांबांचे ठिपके मांडता मांडता विचारलं, "उन्हाया लागाच्या आंदी जमन का वं, माय? होळीच्या आत?"